हेड बघायला

आमच्याकडे ट्रॅक्टरला दोन नावं आहेत. नांगरत असला, पेरत असला की तो ट्रॅक्टर. मागं उसाच्या ट्रॉल्या लागल्या की त्याचं 'हेड' होतं. "त्याचं हेड कारखान्याला लागलंय" असं म्हणतात आणि कळंब तालुक्यातल्या आमच्या गावात या वाक्याला वजन आहे. हेडवाल्याला उधारी मिळते, पारावर बसायला जागा मिळते आणि मुलीचे बापही जरा जास्त चौकशी करतात.

तर आमच्या धाकट्याला हेड घ्यायचं होतं. नवं नाही, जुनं. ५० अश्वशक्तीच्या वरचं नवं घ्यायचं म्हणजे आकडा दहा लाखांच्या आसपास जातो, ट्रॉल्या वेगळ्या. तेवढं आमच्याकडे नव्हतं. दोन-अडीच महिने तो, गावातला मिस्त्री आणि मी असे तिघं सुट्टीच्या दिवशी हिंडत होतो. कामाची वाटणी अशी होती : इंजिन बघायला मिस्त्री, कागद बघायला मी (धाराशिवला ऑफिसात फायली उलटण्यात आयुष्य चाललंय, त्याचा एवढा तरी उपयोग), आणि भाव करायला धाकटा. आबांनी यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "ऊस नसला की हेड म्हणजे दारात उभा केलेला हप्ता."

आबांचं खोटं म्हणता येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला प्यायचं पाणी आणलं ते सगळ्या देशानं बघितलं. लातूर आमच्या शेजारी. जिथं माणसाला प्यायला पाणी नाही तिथं ऊस कुठून असणार? त्या वर्षी चांगली चांगली हेडं शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती आणि फायनान्सवाले मोटारसायकलवरून गावोगाव फिरत होते. ढोकीचा तेरणा कारखाना तर बरीच वर्षं बंदच होता. पण धाकट्याचंही खोटं नाही. पाच एकरांत दोन भावांचं भागत नाही (माझी नोकरी आहे म्हणून भागतं, हे तो बोलत नाही, मीही बोलत नाही). पाऊस बरा झाला की मांजराकाठ हिरवा होतो आणि ऊस वाहायला हेडं कमी पडतात.

बाहेरच्या वाचकांसाठी हा धंदा थोडक्यात सांगतो. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होतं, ते मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. कारखाना वाहनमालकाशी तोडणी आणि वाहतुकीचा करार करतो आणि त्याला आगाऊ पैसे देतो. मालक ते पैसे मुकादमाला देतो, मुकादम टोळी आणतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे दहा-बारा कोयते एका हेडामागं लागतात. टोळी आली तर ठीक. मुकादम पैसे घेऊन गायब झाला तर ते पैसे मालकाच्या नावावर. म्हणजे हेड घेणं हा व्यवहार नुसता लोखंडाचा नसतो, त्याला माणसं चिकटलेली असतात. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

ओढायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा अश्वशक्ती विचारतात. "किती एचपीचं?" मला या प्रश्नाची गंमत वाटते. आमच्या साहेबांच्या छोट्या मोटारीचं इंजिन ८०-९० अश्वशक्तीचं आहे. तिच्या मागं उसाची ट्रॉली लावा बरं! ट्रॅक्टर ५५ अश्वशक्तीत जे ओढतो ते गिअरच्या जोरावर, मागच्या मोठ्या टायरांच्या पकडीवर आणि स्वतःच्या वजनावर. इंजिन सावकाश फिरतं, गिअर वेग कमी करत करत जोर वाढवतात, आणि तो जोर जमिनीला लागायला मागच्या चाकांवर वजन असावं लागतं. म्हणून तर लोक टायरमध्ये हवेऐवजी बरंचसं पाणी भरतात. पुढच्या बंपरला लोखंडी वजनं लावतात, कारण मागं ओढ बसली की पुढचं तोंड उचलायला बघतं. हूक जितका वर, तितकं ते जास्त उचलतं. मिस्त्री म्हणाला, "हूक खाली पाहिजे. वर लावून वढायला गेलं की घोडं दोन पायावर उभं राहतंय."

आम्ही पाहिलेल्या हेडांची यादी देत नाही, कंटाळाल. पण जे हिंडतात त्यांना चार नावं पुन्हापुन्हा भेटतात. स्वराज ८५५, तीन सिलिंडरचं, जिथं तिथं दुरुस्त होणारं. महिंद्राचं अर्जुन ६०५, चार सिलिंडर, ५७ अश्वशक्ती. जॉन डिअरचं ५३१०, तीनच सिलिंडर पण टर्बो, ५५ अश्वशक्ती. आणि न्यू हॉलंडचं ३६३०. प्रत्येकाचे भक्त आहेत आणि दोन पंथांत रोटीव्यवहार होतो, बेटीव्यवहार होत नाही. मी यात कुठल्याच बाजूनं नाही. जुनं घेताना कंपनीपेक्षा मागचा मालक महत्त्वाचा, असं माझं मत झालंय.

मागचा मालक समोर नसतो पण हेड त्याच्याबद्दल बरंच बोलतं. मिस्त्रीचं बघणं मला फार आवडलं. तो तासांच्या मीटरकडं बघतसुद्धा नव्हता. "ते काय, तार काढली की झोपतंय." तो क्लचच्या आणि ब्रेकच्या पेडलाचं रबर बघायचा. मीटरवर दोन हजार तास आणि पेडल घासून गुळगुळीत चकचकीत असेल तर हसायचा आणि पुढं जायचा. मग मागं वाकून हुकाचं भोक बघायचा. शेतीच वापर असलेल्या ट्रॅक्टरचं भोक बऱ्यापैकी गोल राहतं. वर्षानुवर्षं ट्रॉलीचे झटके खाल्लेलं भोक लांबट होतं, अंड्यासारखं. "नुसती शेती केलीय साहेब" असं विकणारा सांगत असायचा आणि ते भोक वेगळंच सांगत असायचं. मग क्लच आणि गिअरबॉक्सच्या जोडावर कुठं वेल्डिंगची शिवण आहे का, मागच्या आसातून तेल पाझरतंय का, आणि नुकताच रंग मारलाय का. नवा रंग दिसला की मिस्त्री नखानं खरवडायचा. विकणाऱ्यांना ते अजिबात आवडायचं नाही.

इंजिन तो थंडच मागायचा. "आम्ही यायच्या आधी चालू करू नका" असं फोनवर सांगूनही दोन ठिकाणी बॉनेट गरम लागलं. तिथून आम्ही चहा पिऊन परत फिरलो. थंड इंजिन किती वेळात उठतं, उठल्यावर धूर कसा... निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, पांढरा बराच वेळ राहिला तर आणखी विचार करायचा. मग चालू इंजिनवर ऑइलची टोपी काढून तिथं तळहात धरायचा. वाफारा जोरात आला की पिस्टनच्या रिंगा गेल्या असं समजायचं. ही तपासणी फुकटात होते, फक्त लाज सोडावी लागते.

इथं एक वाद झाला तो सांगतो. ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरला १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे नियम लागू झाले, 'ट्रेम ४' म्हणतात ते. त्यामुळं त्यानंतरच्या मोठ्या ट्रॅक्टरात डिझेलचा पंप इलेक्ट्रॉनिक झाला. बार्शीजवळच्या एका यार्डात असं एक जवळजवळ नवं हेड होतं आणि धाकट्याचा त्याच्यावर जीव जडला होता. धूर नाही, आवाज कमी. मिस्त्री तोंड वाकडं करून उभा. "फडात बंद पडलं तर लॅपटॉपवाला कुठनं आणू?" मला विचाराल तर ते इंजिन चांगलंच असतं, आणि टोळीतली बायकामाणसं दिवसभर ज्या धुरात काम करतात तो कमी होत असेल तर उत्तमच. पण आमच्या खिशाला ते झेपत नव्हतं, त्यामुळं वाद आपोआप मिटला.

याच सुमारास टेक्सासच्या मावसभावाचा फोन आला. तोही तिकडं जुनी गाडी शोधत होता! त्याला सुट्टीत राहायची फिरती खोली (तिकडं तिला कॅम्पर म्हणतात) ओढायला डिझेलचा मोठा पिकअप ट्रक हवा होता, फोर्डचा एफ-२५०. २००३ पर्यंत त्यात ७.३ लिटरचं एक इंजिन यायचं, ते दणकट म्हणून तिकडचे लोक अजून शोधत असतात म्हणे. आपल्या आठशे सीसीच्या जुन्या मोटारीची नऊ इंजिनं त्यात बसतील! तो मला वजनांचा हिशेब सांगत होता. गाडी तीन टनांच्या आसपास, कॅम्पर चार टनांचा, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर गाडीत किती वजन चालेल ते लिहिलेलं. तीन दिवस तो बेरजा-वजाबाक्या करत होता.

मी त्याला म्हटलं, आमचं हेड दोन-अडीच टनांचं आणि मागं भरलेल्या दोन ट्रॉल्या म्हणजे वीस टन कुठं गेले नाहीत.

तिकडं थोडा वेळ शांतता. मग त्यानं विचारलं, "आणि ट्रॉलीचे ब्रेक?"

त्याच्याकडं कॅम्परला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक होते, स्टीअरिंगजवळ त्याचं बटण. तिकडच्या बहुतेक राज्यांत ठरावीक वजनाच्या पुढं ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. आमच्याकडच्या ट्रॉल्यांना ब्रेक मी पाहिलेले नाहीत. म्हणजे वीस टन थांबवायचं काम अडीच टनांच्या हेडानं एकट्यानं करायचं. आपला वेग कमी असतो म्हणून हे चालून जातं, हे खरंय. वेग निम्मा झाला की थांबवायचा जोर पावपट लागतो. पण उतार लागला की वजन ढकलायला लागतं, आणि मागची ट्रॉली पुढच्याला रेटून आडवी घालते. हंगामात रस्त्याकडेला पडलेला ऊस दिसतो ना, त्यातला पुष्कळसा असा सांडलेला असतो.

फोन ठेवल्यावर मी धाकट्याला विचारलं, कारखाना कुठला? त्यानं सोलापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्याशी बोलणं केलं होतं. म्हणजे ऊस आमच्या भागातला आणि काटा बालाघाटाच्या खाली. येडशीवरून बार्शीकडं उतरणं आलं.

(याच वाटेनं पूर्वी बार्शी लाइट रेल्वे धावायची. १८९७ ला कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आली आणि १९११ ला लातूरला पोचली. आबा तिच्यातून हिंडलेले आहेत. ती बांधणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर होता, आणि त्याचा हट्ट असा की गाडीतल्या कुठल्याही आसावर पाच टनांच्या वर वजन यायचं नाही, इंजिन असो की वाघीण. सगळी रचना त्यानं त्या एका आकड्याभोवती केली. शंभर वर्षांनी त्याच डोंगरात आम्ही डोळे मिटून ट्रॉल्या भरतो. असो.)

त्या दिवसापासून आमचं बघणं बदललं. ओढतंय का हे सगळेच दाखवत होते. एकानं तर हेडाला चिखलात रुतलेला टेम्पो बांधून काढून दाखवला. थांबतंय का हे दाखवायला कुणी तयार नव्हतं. मोकळं हेड शंभर फुटांत थांबवून "बघा ब्रेक!" म्हणायचे. मिस्त्री म्हणायचा, "मोकळं तर बैलगाडीबी थांबती."

शेवटी जे हेड आम्ही घेतलं ते आमच्याच जिल्ह्यातलं, २०१८ चं, एका शेतकऱ्याचं, ५५ अश्वशक्तीचं. ब्रेक तेलात बुडालेले. हा प्रकार चांगला. ब्रेकच्या चकत्या बंद घरात तेलात फिरतात, त्यामुळं चिखल-पाणी आत जात नाही आणि लवकर तापत नाहीत. पण चकत्या झिजल्या असल्या तर अख्खं मागलं घर उघडावं लागतं, ते खर्चाचं काम. मिस्त्रीनं आधी तेल बघितलं. दुधाळ झालेलं नव्हतं. मग त्यानं मालकाला सरळ विचारलं, "खडीची ट्रॉली लावून बघू का?" जवळच रस्त्याचं काम चाललेलं होतं. मालक भला माणूस. त्यानंच ओळखीनं भरलेली एक ट्रॉली मिळवून दिली.

गावाबाहेर एक उतार होता. मिस्त्री हेडावर, आम्ही दोघं मागं चालत. खाली येताना त्यानं मधेच थांबवलं. थांबलं, पण तोंड डावीकडं वळलं. पुन्हा थांबवलं, पुन्हा डावीकडं. मग त्यानं आम्हाला बोलावून खाली बघायला सांगितलं.

ज्यांनी ट्रॅक्टर चालवला नाही त्यांना सांगतो, ट्रॅक्टरला ब्रेकची पेडलं दोन असतात, डाव्या चाकाचं वेगळं आणि उजव्याचं वेगळं. शेतात बांधाजवळ वळताना एकच दाबलं की जागच्या जागी वळतो. पण रस्त्यावर दोन्ही पेडलं एका कडीनं जोडून ठेवायची असतात. नाही जोडली आणि घाईत पाय एकावरच पडला, तर एकच चाक अडतं आणि मागचं वजन तुम्हाला फिरवून टाकतं. या हेडाची कडीच नव्हती. कधी तुटली ते मालकालाही आठवत नव्हतं. पेडलं मागंपुढं झालेली, म्हणून तोंड वळत होतं.

मिस्त्री खाली उतरला आणि धाकट्याला म्हणाला, "ट्रॉलीत नुसता ऊसच नेणार का माणसं?"

धाकटा काही बोलला नाही. उत्तर आम्हा सगळ्यांना माहीत होतं. टोळी गावाहून फडावर येते ती ट्रॉलीतूनच. भांडी, कोंबड्या, शेळ्या, चुलीचं जळण, आणि त्याच्यावर लेकरं. फडावरून फडावर जाताना तेच, हंगाम संपल्यावर परत जाताना तेच.

कागद बघणं माझं काम, ते मी पटकन उरकतो. आरसी बुकावर जिल्हा अजून उस्मानाबाद (नाव बदललं २०२३ ला, बुक त्याच्या आधीचं). नंबर एमएच २५, म्हणजे इथलाच. कर्ज फिटलेलं पण बुकावर फायनान्सचा बोजा तसाच होता. बँकेचं ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत यावर मी अडून बसलो. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या समोर घेतल्या. चासीचा नंबर पेन्सिलीनं कागदावर उमटवून बुकाशी ताडून बघितला. सहा लाखांपासून सुरू झालेलं धाकट्यानं पाच चाळीसवर आणलं. खडीच्या ट्रॉलीचा त्यात मोठा हात होता.

घरी येताना आमचं भांडण झालं. मी म्हटलं, घाटात एकच ट्रॉली ने. तो म्हणाला, "दादा, कारखान्यावर नंबर लागायला कधीकधी दोन दोन दिवस जातेत. एका ट्रॉलीवर उभं राहायचं तर डिझेल आणि ड्रायव्हरबी सुटत नाही. तू ब्रेक बघतोस, मला हप्ता बघावा लागतो." माझ्याकडं याला उत्तर नव्हतं आणि आजही नाही. वाहतुकीचा दर टनावर आणि अंतरावर मिळतो, सावकाश आल्याचे कुणी पैसे देत नाही. आई मध्ये पडली म्हणून तेवढ्यावर थांबलं.

पण कडी त्यानं दुसऱ्या दिवशीच करून घेतली, वेल्डिंगवाल्याकडून, दीडशे रुपयांत. मिस्त्रीनं दोन्ही पेडलं सारखी करून दिली. ट्रॉल्यांच्या मागं लाल रेडियम पट्ट्या त्यानं स्वतः चिकटवल्या, आणि साखळदंड टाकले म्हणजे पिन निसटली तरी ट्रॉली सुटणार नाही. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडायची पद्धत आहे. त्याबद्दल त्यानं ड्रायव्हरला माझ्यादेखत दम दिला. ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर, म्हणाला. मी न सांगता.

दिवाळीनंतर टोळी आली. अकरा कोयते, लेकरं किती ते मोजलं नाही. त्यांना आणायला जाताना धाकट्यानं हेडामागं एकच ट्रॉली लावली आणि दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेत माणसं, दुसऱ्या खेपेत सामान आणि शेळ्या. मुकादम कुरकुरत होता की एका दिवसाचं काम दोन दिवसांवर गेलं. जादा खेपेचं डिझेल किती लागलं ते धाकट्यानं सांगितलं नाही. ऊस मात्र तो दोन ट्रॉल्यांनीच नेतो.